भात कोणत्या तांदळाचा? बिटबेक फाइल कशा वाचतो त्याची गोष्ट

आज सुरुवात टीव्हीपासून. एलजीच्या स्मार्ट टीव्हीत वेबओएस नावाची सिस्टिम असते. 2018 मध्ये कंपनीने तिची एक आवृत्ती ओपन सोर्स केली. ती बांधायला जे टूल लागतं त्याचं नाव बिटबेक. हा आपला आचारी: ढीगभर रेसिपी फाइल वाचतो आणि त्यातून आख्खं लिनक्स शिजवतो. 'रेसिपी' हा शब्द त्यांचाच बरं का.

आता थोडं मागे जाऊ. 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. त्यात कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाही. हे गैरसोयीचं आहे हे त्यांना लवकरच कळलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांचं काम कशाला मोडा, म्हणून राहू दिलं. त्या डझनभरांसाठी आपण अजून टॅब मारतोय!

बिटबेक नंतरचा. शार्पच्या झॉरस या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर स्वतःचं लिनक्स चढवणाऱ्या हौशी मंडळींतून ओपनएम्बेडेड प्रकल्प उभा राहिला. जेंटू लिनक्सच्या पोर्टेजवरून त्यांनी प्रेरणा घेतली. 7 डिसेंबर 2004 ला क्रिस लार्सन यांनी प्रकल्पाचे दोन भाग केले: रेसिपींचा साठा एकीकडे, त्या वाचणारा बिटबेक दुसरीकडे. पुढे योक्टो प्रकल्पानेही हाच आचारी घेतला.

आता खरी गंमत वाचण्याच्या क्रमात आहे. आधी बीबीलेयर्स डॉट कॉन्फ, म्हणजे कोणकोणते लेयर आहेत त्याची यादी. मग प्रत्येक लेयरची स्वतःची फाइल. मग बिटबेक डॉट कॉन्फ, आणि तिच्या पोटातून लोकल, मशीन, डिस्ट्रो अशा फाइल एकामागून एक. रेसिपींचा नंबर सगळ्यात शेवटी.

आपल्या गोंदियाकडचं लग्न डोळ्यासमोर आणा. काका आचाऱ्याला म्हणतात, "भात चिन्नोरचा कर." हे झालं साधं '='. थोड्या वेळाने मामा येतात, "श्रीराम टाक." झालं, श्रीराम! शेवटी बोलला त्याचं चालतं. '?=' म्हणजे "आधी कुणी काही सांगितलं नसेल, तरच चिन्नोर." आणि '??=' म्हणजे "सगळे बोलून झाले आणि तांदळाचं नावच निघालं नाही, तर चिन्नोर." 'अपेंड' म्हणजे वरून तूप. भात कुणाचाही ठरो, ते शेवटी पडणारच.

घोळ इथेच होतो. लोकल डॉट कॉन्फ ही तुमची स्वतःची फाइल, पण ती डिस्ट्रोच्या फाइलआधी वाचली जाते. तुम्ही '=' लिहिलं आणि डिस्ट्रोनेही साधं '=' लिहिलं असेल, तर तुमचं गेलं. एररही येत नाही, कारण बिटबेकच्या लेखी काही चुकलेलंच नाही. तासन् तास बिल्ड चालतो, हिरवा होतो, आणि डिव्हाइसमध्ये भलतीच सेटिंग जाते. म्हणून चांगले डिस्ट्रोवाले '?=' लिहून तुमच्यासाठी जागा सोडतात. माझ्या मते फाइलमधली सगळ्यात सभ्य खूण हीच.

दुसरा घोळ अंडरस्कोरचा. 'एसआरसी अंडरस्कोर यूआरआय' हे एका व्हेरिएबलचं नाव. त्यापुढे अपेंड जोडायचं तरी अंडरस्कोरच. मग नाव कुठे संपलं आणि सूचना कुठे सुरू झाली? बिटबेकला अंदाज बांधत बसावं लागायचं. 2021 मध्ये, योक्टोच्या 3.4 म्हणजे होनिस्टर आवृत्तीत, सूचनेसाठी कोलन आला. जगभरच्या लेयरमधल्या फाइल बदलाव्या लागल्या. त्यासाठी एक स्क्रिप्ट दिली, आणि काही जुन्या आवृत्त्यांनाही कोलन कळेल अशी सोय केली. फेल्डमननी डझनभर लोकांसाठी जे टाळलं, ते इथे कितीतरी मोठ्या गोतावळ्यात करून दाखवलं. त्रास झाला, शिव्याही पडल्या असतील. मला तरी हे पटतं.

तुमच्याकडे असा बिल्ड अडलाच, तर रेसिपीचं नाव देऊन 'बिटबेक डॅश ई' चालवा. भलंमोठं आउटपुट येईल, ते 'लेस'मध्ये उघडा आणि व्हेरिएबल शोधा. त्याच्या वरच काका कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर काय बोलले, आणि नंतर मामांनी काय बदललं, सगळं क्रमाने लिहिलेलं असतं.