ओट्यापुढची जागा

आम्हा इंदूरकरांचे जुने वाडे रस्त्याला टेकलेले. नवे बांधायचे तर पुढे-मागे जागा सोडावी लागते. मग राहायला उरते काय? म्हणून सवलतीचे अर्ज येतात. आम्ही असेच नकाशे तपासतो.

१९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला शहराचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. तरीही सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. मोजकी पडकी घरे काढा, हवा-उजेड खेळू द्या, वस्ती राखा, हे त्यांचे सूत्र. दिवाळीची मिरवणूक स्वच्छ रस्त्यांवरूनच जाणार म्हटल्यावर लोकांनी गल्ल्या झाडून काढल्या.

आज ‘मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२’ आहेत. पण सवलत मागताना आपण शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड तर मागत नाही ना, एवढे पाहूया.