नेत्रमागोवा तंत्र
नजर कोठे, किती वेळ व कोणत्या क्रमाने स्थिरावते हे नोंदवून दृश्य अवधान मोजण्याची पद्धती. डोळ्यावर सोडलेल्या अवरक्त प्रकाशाचा पारपटलावर, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडद्यावर, उमटणारा बिंदू आणि बाहुलीचे केंद्र यांच्या सापेक्ष स्थानांवरून नजरेची दिशा काढली जाते. वाचताना नजर अखंड सरकत नाही. ती साधारणतः २०० ते २५० मिलिसेकंद थांबते, ज्याला स्थिरीकरण म्हणतात, मग झेप घेते आणि कधी मागेही वळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पुष्पक भट्टाचार्य व अभिजित मिश्रा यांनी अशा नोंदींवरून वाक्य भाषांतरास किती अवघड आहे आणि वाचकाला उपरोध उमगला की नाही, याचा संगणकीय अंदाज बांधला. हे काम विशेष मोलाचे असून त्यावरील त्यांचा ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र नजर एकीकडे आणि अवधान दुसरीकडे असू शकते, म्हणून केवळ नेत्रनोंदींवरून आकलनाचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.