बैठकीवरचे शिपाई

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी केलेला किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो स्वतः केलाही असेल. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर कालवलेली माती, उतारावर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. सर्वांत वर सिंहासनावर महाराज. हे महाराज बहुधा किल्ल्याच्या महादरवाजापेक्षा उंच असतात आणि पायथ्याचा पहारेकरी बुरुजाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मुलाला मापाशी कर्तव्य नसते; त्याला महाराज दिसायला हवे असतात.

हाच खेळ मोठ्या माणसांनी मनावर घेतला म्हणजे काय होते, त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई रंगवायचे, त्यांना लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या बैठकीवर चिकटवायचे आणि अठराव्या शतकातील लढाया टेबलावर पुन्हा लढायच्या, असा एक छंद युरोपात, विशेषतः इंग्लंडात, चांगला रुजला आहे. छंद म्हटले की आपण हसून सोडून देतो. पण या छंदाच्या पोटात इतिहासाचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. भूतकाळ लहान करून हातात धरता येतो काय? आणि धरता आलाच, तर धरताना त्यातले काय सांडते?

प्रथम वंशावळ पाहू. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे खेळण्यांचे जुने शहर. तेथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट नावाच्या कथिलकाम करणाऱ्या कारागिराने कथिलाचे चपटे शिपाई ओतून विकायला आरंभ केला. दगडी पाटीत कोरलेला साचा, त्यात ओतलेले कथिल आणि बाहेर येणारा पत्र्यासारखा पातळ शिपाई. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा हयात होता, आणि त्याची नुकतीच होऊन गेलेली युद्धे मुलांच्या हातात खेळणे होऊन आली! पुढे १८९३ साली इंग्लंडात विल्यम ब्रिटन याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली. त्यामुळे शिपाई स्वस्त झाले आणि घरोघर पोचले.

दुसरी शाखा विद्वानांची व सेनापतींची. १७८० साली ब्रुन्सविकच्या दरबारातील मुलांना शिकवणारे गणिती हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून सोळाशेहून अधिक घरांचा युद्धपट तयार केला. १८१२ साली राइसविट्स नावाच्या प्रशियन गृहस्थाने असाच खेळ राजाला दाखविला, आणि त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने १८२४ मध्ये तो नकाशा, फासे व नियम यांनिशी सुधारून प्रसिद्ध केला. प्रशियाच्या सैन्याने तो शिक्षणासाठी स्वीकारला. या खेळात शिपायांच्या मूर्ती नव्हत्या, साधे रंगीत ठोकळे होते. म्हणजे मुलांकडे मूर्ती होत्या पण नियम नव्हते, आणि सेनापतींकडे नियम होते पण मूर्ती नव्हत्या.

या दोन शाखांची सोयरीक लेखकांनी जुळवली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८०नंतरच्या हिवाळ्यात डाव्होस येथे क्षयावर उपचार घेत असताना सावत्र मुलाबरोबर शिपायांच्या मोहिमा लढत असे. एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातील स्प्रिंगच्या तोफेला नियम घालून दिले. पुढे डोनल्ड फेदरस्टोन यांचे पुस्तक १९६२ साली, ब्रिगेडियर पीटर यंग व लॉफर्ड यांचे १९६७ साली आणि चार्ल्स ग्रँट यांचे १९७१ साली आले. यंग आणि ग्रँट या दोघांनीही खेळासाठी अठरावे शतकच निवडले.

अठरावेच का? कारण त्या शतकातील लढाई डोळ्यांना दिसणारी होती. चकमकीच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांपलीकडे नेमकी लागण्याची आशा थोडीच. म्हणून माणसे खांद्याला खांदा लावून तीन रांगांत उभी करायची आणि एकदम बार काढायचा. दोन-चार बार झाले की दारूच्या धुराने रणांगण भरून जाई. त्या धुरात आपला कोण, परका कोण, हे ओळखायचे तर कोट रंगीत हवा. प्रशियाचा गडद निळा, ऑस्ट्रियाचा पांढरा, इंग्लंडचा तांबडा, रशियाचा हिरवा. कोटाच्या बाह्या व छातीवरची पट्टी उलटवून आतला रंग बाहेर दाखवायचा, आणि तो रंग पलटणीगणिक निराळा. पिवळी पट्टी असेल तर एक पलटण, गुलाबी असेल तर दुसरी. आम्ही ज्याला भपका समजतो, त्यात असे प्रयोजन होते.

आता रंगवण्याकडे वळू. साच्यातून निघालेल्या शिपायाच्या अंगावर दोन अर्ध्या साच्यांच्या जोडाची रेघ असते; ती कानशीने घासून काढायची. साबणाच्या पाण्याने धुऊन त्याला पांढऱ्या किंवा काळ्या रंगाचा पहिला हात द्यायचा. मग एका लाकडी पट्टीवर दहा-बारा शिपाई ओळीने चिकटवून सर्वांचे चेहरे, नंतर सर्वांचे कोट, मग पट्टे, बटणे, बुटांच्या गुडघ्यापर्यंतच्या गुंड्या, असे आतून बाहेर येत जायचे. शेवटी पातळ तपकिरी रंग वरून सोडला की तो घड्यांत उतरून सावली पाडतो, आणि जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवला की उजेड पडतो. वर व्हार्निश. आम्ही स्वतः असा एक डझन रंगवून पाहिला. बाराव्या शिपायाच्या बटणांपर्यंत येता येता कवायतीच्या हवालदाराविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला!

पण निळा म्हणजे कोणता निळा? गंमत इथूनच संपते आणि इतिहास सुरू होतो. चित्रकार आडोल्फ मेन्झेल याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रेडरिकच्या सैन्याच्या पोशाखावर वर्षानुवर्षे खपून शेकडो शिलामुद्रित चित्रे काढली. त्यासाठी त्याने शिल्लक राहिलेले जुने कोट समोर ठेवून शिवण न् शिवण पाहिली. रंगवणारे आजही त्या चित्रांकडे जातात. तरी प्रश्न उरतोच. चित्रातला शिपाई कवायतीचा. रणातला शिपाई तोच असेल काय? ५ नोव्हेंबर १७५७ रोजी फ्रेडरिकने रॉसबाख येथे लढाई जिंकली. बरोबर एक महिन्याने, ५ डिसेंबरला, तो शेकडो किलोमीटर दूर सायलेशियात लॉयटन येथे दुसऱ्या शत्रूपुढे उभा होता. मधल्या चिखलात आणि थंडीत त्या कोटांचे काय झाले असेल? ठिगळ लावावे की नाही, याचा निर्णय कुंचला हातात असलेल्याला करावाच लागतो. लेखकाला ‘बहुधा’ असा शब्द घालून सुटता येते. रंगवणाऱ्याला ‘बहुधा’ नावाचा रंग मिळत नाही.

आता बैठकीकडे येऊ. वरवर पाहता ही अगदी क्षुल्लक बाब. दोन-तीन मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी, तिच्यावर शिपाई चिकटवायचे, भोवती सरस लावून वाळू भुरभुरायची, ती मातकट रंगवायची आणि वर वाळक्या गवताचे तुरे लावायचे. पण शिपाई किती आणि बैठक केवढी, हे ठरवताना सारे युद्धशास्त्र आडवे येते.

आपण हिशेब करून पाहू. प्रशियाच्या पायदळाची एक पलटण सुमारे ७०० माणसांची धरू. तीन रांगा केल्या तर एका रांगेत २३३ माणसे. माणशी बावीस इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर जागा. पलटणीची रुंदी झाली १३० मीटर. टेबलावर एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर मानला, तर बैठक १३० मिलिमीटर रुंद हवी. तीवर २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई दाटीने उभे केले तर एका रांगेत नऊ मावतात; दोन रांगांत अठरा. म्हणजे एक शिपाई सुमारे चाळीस माणसांच्या वतीने उभा राहतो. येथवर ठीक. पण या मापाने आपला शिपाई २८ मीटर उंच, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढा झाला! दिवाळीतले महाराज दरवाजापेक्षा उंच का, याचे उत्तर इथे मिळते. माप आणि माणूस दोन्ही दिसायला हवे असतील, तर कोठेतरी खोटे बोलावेच लागते.

याहून मोठे खोटे खोलीचे आहे. खऱ्या पलटणीच्या तीन रांगा पुढून मागे जेमतेम चार-पाच मीटर. बैठक मात्र ४० मिलिमीटर, म्हणजे ४० मीटर खोल. खरी पलटण लांब, पातळ, कापडाच्या पट्टीसारखी होती. बैठकीवरची पलटण विटेसारखी दिसते. लॉयटनची लढाई या एका गोष्टीवर जिंकली गेली. ऑस्ट्रियाकडे साठ हजारांहून अधिक सैन्य होते, फ्रेडरिककडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्याने समोर हूल दाखवली, टेकड्यांच्या आडून सैन्य उजवीकडे नेले आणि ऑस्ट्रियाच्या लांबलचक ओळीच्या डाव्या टोकावर तिरका आघात केला. पातळ ओळीला टोकाकडून धक्का बसला की ती गुंडाळत जाते. टेबलावरच्या विटेला ही भीती वाटत नाही. म्हणून जाणते खेळाडू नियमांत बाजूच्या हल्ल्याला मुद्दाम जास्त वजन देतात. बैठकीने केलेली चूक नियमाने फेडावी लागते.

शिपाई कोठे ठेवायचा, हे विधानच आहे. याचा दाखला विल्यम सायबर्नचा. या इंग्रज अधिकाऱ्याला १८३० साली वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. तो तेथील एका शेतवाडीत महिनोन्महिने राहिला, जमीन मोजली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून कोण कोठे होता ते विचारले. सरकारने पैसा आखडल्यावर त्याने पदरमोड केली. १८३८ साली ती प्रतिकृती लंडनमध्ये लोकांपुढे आली. तीवर सुमारे ७५ हजार चिमुकले शिपाई होते. आणि वाद कशावरून पेटला? प्रशियन सैन्य निर्णायक घटकेला कोठवर पोचले होते, यावरून. विजय एकट्या वेलिंग्टनचा की दोघांचा, हे शिशाच्या चिमट्यांची जागा ठरवीत होती.

आता हीच फूटपट्टी आपल्या घरच्या लढाईला लावून पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे आठ-नऊ हजार पायदळ कवायतीने लढणारे होते. त्यांना प्रशियन पलटणीसारखे दाटीने बैठकीवर बसवता येईल. पण मराठ्यांचे स्वार? त्यांचे बळ मोकळे फिरण्यात, रसद तोडण्यात, अंगावर येऊन निसटण्यात. त्यांना त्याच बैठकीवर गुडघ्याला गुडघा लावून बसवले तर रंग बरोबर असूनही इतिहास चुकला. मोठ्या बैठकीवर दोन-तीनच घोडे, तेही वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले, असे त्यांचे चित्र. या दोन बैठका एका टेबलावर शेजारी ठेवल्या की गारद्यांचा आणि स्वारांचा मेळ बसणे किती अवघड होते, ते पानभर विवेचनापेक्षा लवकर ध्यानात येते. छंदाचे आम्ही हे ऋण मान्य करतो.

पण इथेच त्याची हद्दही लागते. नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने ती छावणी पानिपतावर अडकून पडली होती. लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजारबुणगे होते. रसद तुटली, धान्य संपले, जनावरे मेली, आणि उपाशी सैन्य अखेर बाहेर पडले. या माणसांसाठी बैठक कोण करतो? त्यांना हल्ला नाही, चाल नाही, फाशात त्यांचा वाटा नाही. टेबलावरचा शिपाई कधी भुकेला नसतो. तो पडला की उचलून डब्यात ठेवायचा. पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा. आणि तो एकटा पडत नाही, त्याच्याबरोबर चाळीस घरे पडतात. पण हे चाळीस कोणी रंगवलेले नसतात.

हे वेल्सला ठाऊक होते. आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्याने सांगितले की, हा खेळ खेळून पाहिला म्हणजे खरे युद्ध केवढी मोठी घोडचूक आहे ते कळते. त्याचे पुस्तक १९१३ साली निघाले. १९१४ साली युरोप खऱ्या शिपायांनिशी खेळायला उतरला.

म्हणून आम्ही या छंदाला हसत नाही आणि त्याला इतिहासही म्हणत नाही. तो इतिहासाला विचारलेला एक प्रश्न आहे. बटणाच्या रंगापासून बैठकीच्या रुंदीपर्यंत प्रत्येक गोष्ट पुराव्यानिशी सांग, असे तो बजावतो. येत्या दिवाळीत अंगणात मुलांचा किल्ला उभा राहील, तेव्हा महाराज दरवाजापेक्षा उंच का, म्हणून त्यांना हटकू नका. पायथ्याशी एखादी विहीर, एखादे धान्याचे कोठार आणि पाण्याला निघालेली एखादी बाई ठेवायला मात्र जरूर सांगा. किल्ला लढतो तो त्यांच्या जिवावर.