कोकण किनाऱ्यावरील सार्वभौमत्वाचे दावे

कोकण किनाऱ्यावरील सार्वभौमत्वाचे दावे : दमणपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर व त्यालगतच्या समुद्रावर सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांच्या दरम्यान पोर्तुगीज, मोगल, मराठे व इंग्रज या सत्तांनी सांगितलेले परस्परविरोधी हक्क आणि त्यांतून उद्भवलेला संघर्ष. या संघर्षात लढाया पुष्कळ झाल्या. तथापि वादाचा मूळ मुद्दा समुद्रावर कोणाचा परवाना चालावा, हा होता. ज्याचा परवाना इतरांनी मानला, तो समुद्राचा स्वामी. ज्याचा मानला नाही, तो चाचा, असा त्या काळचा व्यवहार होता.

सह्याद्री व समुद्र यांमधील ही चिंचोळी पट्टी शेतीच्या उत्पन्नामुळे नव्हे, तर तिच्या स्थानामुळे महत्त्वाची ठरली. खाड्यांच्या मुखाशी बंदरे, त्यांच्यामागे देशावर चढणारे घाट आणि समोर अरबस्तान व इराणकडे जाणारा जलमार्ग, अशी तिची रचना आहे. दख्खनच्या सुलतानांना लागणारे अरबी घोडे याच बंदरांतून येत. सुरतेहून मक्केस जाणारी यात्रेकरूंची जहाजे व मलबारकडे जाणारी व्यापारी गलबते या किनाऱ्याच्या आसपासच्या समुद्रातून जात. निजामशाही व आदिलशाही या सत्ता बंदरांत जकात घेत असत. परंतु खुल्या समुद्रावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपली परवानगी घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता.

पोर्तुगीजांचा दावा : ही कल्पना पोर्तुगीजांनी आणली. तोर्देसिल्यासच्या तहाने (१४९४) स्पेन व पोर्तुगाल यांनी युरोपबाहेरचे जग आपसांत वाटून घेतले होते. वास्को द गामा हिंदुस्थानाहून परतल्यानंतर पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानच्या नौकानयनाचा व व्यापाराचा स्वामी, असा किताब धारण केला. गोवा (१५१०) घेतल्यावर पोर्तुगीजांनी चौल येथे निजामशहाच्या संमतीने किल्ला बांधला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई व मुंबईची बेटे मिळविली आणि १५५९ मध्ये दमण घेतले. त्यांच्या कार्ताझ नावाच्या परवान्याविना फिरणारे जहाज मालासह जप्त होई. परवान्याचे शुल्क अल्प असले, तरी परवानाधारक जहाजाला पोर्तुगीज ठाण्यात जकात भरणे भाग पडे, हे त्याचे खरे मर्म होते. या दाव्याला युरोपातच आव्हान मिळाले. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. मात्र त्यामागे डच व्यापाराचे हितसंबंध होते.

मोगल व सिद्दी : गुजरात जिंकल्यावर (१५७३) अकबरासारख्या बलाढ्य बादशहालाही मक्केस जाणाऱ्या जहाजांसाठी पोर्तुगीज परवाना घ्यावा लागला. १६१३ मध्ये जहांगीरच्या मातेचे रहिमी हे जहाज पोर्तुगीजांनी पकडले, तेव्हा बादशहाने दमणवर सैन्य पाठविले. समुद्रावरील आगळिकीचे उत्तर जमिनीवर द्यावे लागले, यातच मोगलांची उणीव स्पष्ट होते. ती भरून काढण्यासाठी पुढे औरंगजेबाने जंजिऱ्याच्या सिद्दीचा उपयोग केला. आधी निजामशाहीचे व १६३६ नंतर आदिलशाहीचे अंकित असलेले सिद्दी १६७० च्या सुमारास मोगलांचे आरमारप्रमुख बनले. बादशाही निशाणामुळे त्यांच्या आरमाराला सुरतेचा पैसा व मुंबई बंदराचा आसरा मिळू लागला.

मराठी सत्ता : छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेऊन आरमाराचा पाया घातला. मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. मुंबईनजीकच्या खांदेरी बेटावर १६७९ मध्ये त्यांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा बेट आपल्या हक्कातील असल्याचे सांगून इंग्रजांनी तेथे युद्धनौका पाठविल्या. सिद्दीही मोगलांच्या वतीने पुढे सरसावला. इंग्रजांना माघार घ्यावी लागली, पण सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले. हाकेच्या अंतरावरील दोन बेटांवर दोन सार्वभौम सत्तांची निशाणे फडकू लागली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानलेले आढळते. राज्याचा कौल घेतलेल्या व्यापारी जहाजांना उपद्रव देऊ नये, असेही त्यात बजावले आहे. परवाना देणे व परवानाधारकाचे रक्षण करणे, ही सार्वभौमत्वाची दोन्ही लक्षणे येथे एकत्र दिसतात.

हे तत्त्व कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) याने अंमलात आणले. १७१३–१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने तो शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला आणि सरखेल हे पद त्याच्याकडे कायम झाले. त्याच्या दस्तकाविना जाणारी जहाजे त्याचे आरमार पकडू लागले. कंपनीच्या स्वतःच्या मालाला सूट देण्यास तो तयार होता. पण कंपनीच्या निशाणाखाली खाजगी व्यापाऱ्यांनी आपला माल न्यावा, हे त्याला मान्य नव्हते. इंग्रजांनी त्याला चाचा ठरविले. वस्तुतः ते स्वतःही मुंबईतून असेच परवाने देत होते व पोर्तुगीजांनी तर दोन शतके हेच केले होते. चाचेगिरीचा आरोप हे वस्तुस्थितीचे वर्णन नव्हते. प्रतिपक्षाला राज्य म्हणून मान्यता न देण्याची ती रीत होती. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. पुढे चिमाजी आप्पाने वसई जिंकली (मे १७३९) व उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता जवळजवळ संपुष्टात आली.

इंग्रजांचा उदय : मुंबई बेट इंग्रजांच्या राजाला १६६१ च्या विवाहतहाने मिळाले व १६६८ मध्ये त्याने ते वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीला दिले. या देणगीत नेमके काय समाविष्ट होते, यावर दीर्घकाळ वाद चालला. मुंबईला येणाऱ्या होड्यांकडून पोर्तुगीज ठाणे व करंजा येथे जकात घेत राहिले. इंग्रजांची खरी संधी मराठ्यांच्या अंतर्गत कलहातून आली. कान्होजीच्या मुलांत दौलतीची वाटणी झाली व विजयदुर्गचा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनासा झाला. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७५५ मध्ये त्याच्याविरुद्ध इंग्रजांशी करार केला. कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला. त्या लढाईत तुळाजीचे आरमार जळाले. किल्ला इंग्रजांनी महिनोन्‌महिने अडवून ठेवला व ऑक्टोबरमधील तहानुसार बाणकोट पदरात पाडून मगच तो सोडला. त्यानंतरही आनंदराव धुळपाच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार विजयदुर्गाहून वावरत राहिले. परंतु एका बंडखोर सरदाराला नमविताना किनाऱ्याचे रक्षण करणारे मुख्य साधनच नष्ट झाले, हे विसरता येत नाही.

यापुढे इंग्रजांनी प्रतिस्पर्ध्यांचे हक्क एकेक करून स्वतःकडे घेतले. पोर्तुगीज वारशातून मुंबई मिळालीच होती. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला घेऊन त्यांनी मोगल आरमाराचा अधिकारही बादशाही सनदेने मिळविला. साष्टी १७७४ मध्ये बळाने घेऊन सालबाईच्या तहात (१७८२) पक्की केली. मालवण व वेंगुर्ले १८१२ मध्ये त्यांच्या हाती आली व १८१८ मध्ये पेशवाईच संपली. जंजिरा संस्थान मात्र मांडलिक म्हणून १९४८ पर्यंत टिकले.

उत्तरकाळ : या जुन्या दाव्यांना विसाव्या शतकात पुन्हा महत्त्व आले. पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये दमणच्या पोर्तुगीजांना वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले होते. दादरा व नगरहवेलीचा प्रदेश त्यातूनच पोर्तुगीजांकडे गेला. १९५४ मध्ये तेथील पोर्तुगीज अंमल संपल्यावर पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पेशव्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ जहागीर वा सरंजाम या स्वरूपाचा महसुलाचा हक्क दिला होता, असा निष्कर्ष न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी काढला. मात्र पुढे इंग्रजांनी व त्यांच्यानंतर भारताने पोर्तुगीजांची सत्ता गर्भितपणे मान्य केली, असे न्यायालयाने म्हटले. नागरी वाहतुकीला पूर्वापार वाट असली, तरी सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता आणि भारताच्या हातून कोणताही भंग झालेला नाही, असा निर्णय झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव मुक्त झाले आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने या सर्व प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. दस्तऐवजातील एखाद्या शब्दाने महसूल दिला की राज्य दिले, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतरही प्रदेशाचे भवितव्य ठरवू शकतो, हे त्यावरून दिसून येते.