कोलिसरा : बंदुकीला बांधलेलं रेशीम

बोरी बुद्रुकला संशोधक येतात ते कुकडीकाठच्या ज्वालामुखीच्या राखेसाठी आणि दगडी हत्यारांसाठी. मला मात्र गावाच्या नावातली बोर खुणावते. बोरीच्या पाल्यावर टसर हे रानरेशीम करणारा किडा जगतो.

दख्खनमधल्या या किड्याचं वर्णन कर्नल साइक्स यानं 1834 साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. नाणेघाटातल्या लेखांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधणारा, मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी तो हाच. किड्याचं मराठी नाव त्यानं रोमन लिपीत लिहिलं. ते ‘कोलिसरा’ असं वाचता येतं. खाद्य म्हणून साग, तुती, बोर आणि ऐन ही झाडं त्यानं नोंदली. पण त्याच्या टिपणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे. मराठे हा कोश गोलगोल कापून त्याची लांब वादी काढत आणि तिनं तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला आवळून बांधत.

हातात रेशीम असून त्याचं कापड केलं नाही, याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. टसरचा कोश तुतीच्या कोशासारखा मऊ नसतो. अळी तो फांदीला ताठ देठानं टांगते आणि आतून पाझरणाऱ्या द्रवानं लिंपून घेते. त्यात चुन्याचे क्षार असतात. वाळल्यावर कवच सुपारीसारखं टणक होतं. सूत काढायचं तर ते खारात उकळून आधी ढिलं करावं लागतं. आपल्या लोकांनी उलट त्या टणकपणाचाच उपयोग केला. बार उडाला की नळी तापते, तिथं कातड्याची वादी किती टिकणार? हे ज्ञानच होतं, फक्त विणकराचं नव्हे, हत्यार वापरणाऱ्याचं.

पुढे 1870 च्या दशकात कौसमेकर या लष्करी अधिकाऱ्यानं पुण्यात टसर पाळायचे चिकाटीनं प्रयोग केले. इंग्लंडमधल्या लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल तेव्हा हिंदुस्थानी रानरेशमाला रंग कसा चढेल याच्या मागे होता. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात ते रेशीम मांडलंही गेलं. इकडे धंदा काही उभा राहिला नाही. ही अळी घरात, सुपात वाढत नाही. ती उघड्या झाडावर राहते. मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं टपलेली असतात. पतंगाला तर खायला तोंडच नसतं, थोड्या दिवसांत जोडी जमून अंडी घालून तो मरतो. राखणीला माणूस हवा, आणि पिढ्यानपिढ्यांचा सराव हवा.

तो सराव विदर्भात होता. गडचिरोली-भंडाऱ्याकडचे ढिवर आजही ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडून राखण करतात. तिथं याला कोसा म्हणतात. करवती साडीचं अंग त्याच सुताचं.

कोलिसरा हा शब्द इकडे आता कानावर पडत नाही. तोड्याच्या बंदुका गेल्या, तशी वादीची गरजही संपली. जुन्या वाड्यात अशी एखादी बंदूक टांगलेली असेल, तर नळीवरचे तांबूस वेढे कातड्याचे समजून काढून टाकू नका.