कीटकभक्षी वनस्पती : काचपेटीतील जोपासना

निकस, ओलसर जमिनीत वाढणाऱ्या आणि नायट्रोजनाची उणीव किडे पचवून भरून काढणाऱ्या वनस्पतींची काचेच्या पेटीतील (टेरारियम) लागवड. महाराष्ट्रात हा छंद घरात येण्याआधी ही झाडे सड्यांवर (जांभ्याच्या पठारांवर) होतीच. पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्यामार्गे कास पठारावर गेले, की पावसाळ्यात जांभ्याच्या पातळ मातीत दवबिंदू (ड्रॉसेरा) आणि निळी-जांभळी सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) एकाच ओल्या पट्ट्यात दिसतात.

दवबिंदूचे पान जवळून पाहावे. केसासारख्या प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. चिलट त्यावर टेकले की अडकते, धडपडते आणि शेजारचे तंतू त्याच्यावर झुकतात. ड्रॉसेरा बर्मानी या जातीत कडेचे तंतू काही सेकंदांत वळतात. सीतेच्या आसवांचे सापळे मात्र मातीत दडलेले असतात; त्यांच्या सूक्ष्म फुग्यांत भक्ष्य पाण्यासकट ओढले जाते, आणि तेही डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी. चार्ल्स डार्विनने १८७५ साली या वनस्पतींवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला.

ही झाडे घरात मरतात ती बहुधा उपासमारीने नव्हे, पाण्याने. कात्रजसारख्या डोंगरपायथ्याच्या वस्तीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी घातले, तर त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मातीत साचत जातात. कुंडीच्या काठावर पांढरी किनार धरली, की मुळे धोक्यात आली असे समजावे. क्षार ५० पीपीएमपेक्षा कमी असलेले पाणी सर्वांत सुरक्षित. टीडीएस मीटरने ते घरीच मोजता येते. डिस्टिल्ड वॉटर चालते. आरओचे पाणी मोजूनच घालावे, कारण काही यंत्रे शुद्ध पाण्यात पुन्हा खनिजे मिसळतात. पण पुण्यात सर्वांत सोपा उपाय आभाळातून येतो. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाली, की पुढचे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून उन्हाळ्यासाठी ठेवावे.

मातीऐवजी पीट मॉस आणि धुतलेली गारेची वाळू किंवा परलाइट वापरतात. कोकोपीट घेतले, तर अनेकदा धुऊन त्यातले मीठ काढावे लागते. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यांतले काहीही नको. वरून पाणी न ओतता कुंडी एक-दोन सेंटिमीटर पाण्याच्या ताटलीत ठेवावी.

बंद बरणीत बुरशी धरते, आणि उन्हात ठेवलेली बंद काचपेटी एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखी तापते. म्हणून पेटीचे तोंड उघडे व उजेड भरपूर हवा. मांसाचे तुकडे घालू नयेत. ते पानासकट कुजतात.

नवशिक्यांसाठी ड्रॉसेरा बर्मानी उत्तम. तिचे स्वपरागण होते, बी आपोआप पडते आणि नवी रोपे उगवतात. व्हीनस फ्लायट्रॅपला थंडीतली विश्रांती लागते, त्यामुळे पुण्यात तिची निगा अवघड.

कासवरून एकही रोप उपटून आणू नये. तिथला दवबिंदू पाऊस सरल्यावर बी टाकून वाळतो, आणि उपटलेल्या रोपाबरोबर पुढच्या पावसाळ्याचे बीही जाते. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलीच रोपे घ्यावीत.