गृहसंगणक आणि रंगीत मॉनिटर : संकेत व पाठ

घरगुती संगणकांच्या इतिहासात स्मृती व गती यांचा हिशेब तपशिलाने मांडला जातो. संगणक व पडदा यांना जोडणारी तार मात्र बहुधा उपेक्षितच राहते. वस्तुतः त्या काळातील कित्येक रंग संगणकातही नव्हते आणि पडद्यातही नव्हते. ते या दोहोंमधील संकेतात होते.

१९७७ चा अ‍ॅपल २ हे याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या उपवाहक लहरीवरून जाते. स्टीव्ह वॉझ्निअक याने ठिपके त्या लहरीच्या दुप्पट गतीने सोडण्याची योजना केली. परिणामी उजळ व काळ्या ठिपक्यांच्या रांगेलाच संच रंग समजू लागला. हा गैरसमज हेतुपुरस्सर घडविलेला होता! युरोपच्या पाल पद्धतीत उपवाहक ४.४३ मेगाहर्ट्झचा असल्यामुळे तेथील युरोप्लस यंत्राचे चित्र स्वतंत्र रंगकार्डावाचून कृष्णधवलच राही.

१९८१ मध्ये आयबीएमने आपल्या संगणकासाठी काढलेल्या सीजीए कार्डाने प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. त्यावर दोन निर्गम होते. एकातून एकत्रित संकेत निघे. दुसऱ्या, नऊ टाचण्यांच्या निर्गमातून लाल, हिरवा, निळा आणि तीव्रता हे चार संकेत वेगवेगळ्या तारांनी जात व त्यांतून १६ रंग सिद्ध होत. कंपनीच्या एकरंगी मॉनिटराची खीळही नऊ टाचण्यांचीच होती. परंतु तिचे संकेत व त्यांची वारंवारता निराळी असल्याने चुकीच्या जोडणीने मॉनिटरास हानी पोहोचण्याचा धोका असे. रूप एक, अर्थ भिन्न; भाषाभ्यासकास हा प्रकार नवा नाही.

पाठचिकित्सेचा खरा पेच यापुढचा आहे. १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळात एकत्रित संकेतासाठी स्वतंत्र चित्रयोजना होती. तीच नऊ टाचण्यांच्या मार्गाने पाहिल्यास रंगांच्या जागी काळेपांढरे पट्टे उमटतात. स्मृतीतील अंक दोन्ही वेळी अक्षरशः तेच असतात. तेव्हा केवळ अंक जतन करून कृती जतन झाली असे मानणे धाडसाचे आहे. मॉनिटर कोणता, याची नोंद नसलेले छायाचित्र अपुरा पुरावाच ठरते.

सहाव्या क्रमांकाच्या रंगाची कथा याहून बोलकी आहे. संकेतानुसार तो मळकट पिवळा. आयबीएमच्या ५१५३ या रंगीत मॉनिटरात मात्र त्यातील हिरव्याचे प्रमाण घटविणारी मंडलयोजना होती. म्हणून तेथे तपकिरी दिसे. जेथे ही योजना नसे तेथे पिवळाच राही. १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत रेषांची वारंवारता १५.७ वरून ३१.५ किलोहर्ट्झवर गेली, आणि जुने कार्ड नव्या मॉनिटरास परिवर्तकावाचून जोडणे अशक्य झाले. तपकिरी रंग मात्र टिकला. मॉनिटराने केलेली ती दुरुस्ती आता कार्डाच्या मूळ रंगकोशातच समाविष्ट झाली होती.